एक घर, दोन खेळाडू: खातं एकच ठेवावं की गेम वाटून खेळावेत?

आमच्या घरात स्टीमचं, म्हणजे पीसीवरचे गेम विकत घेऊन खेळायच्या ऑनलाइन दुकानाचं, खातं एकच होतं, माझं. पासवर्ड थोरलीलाही पाठ आणि धाकट्यालाही. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असायचो आणि मोबाइलवर धाकट्याचा मेसेज यायचा, 'बाबा, लॉगिनचा कोड पाठव ना.' एका रविवारी त्याने 'न्यू गेम' दाबलं आणि थोरलीचा तीसेक तासांचा खेळ पुसला गेला. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस अबोला.

एकाच खात्यावर सगळ्यांनी खेळण्यात फायदा म्हणाल तर एवढाच, की वेगळं काही सेट करावं लागत नाही. पण एका वेळी एकालाच ऑनलाइन खेळता येतं, सेव्ह (गेममध्ये साठवलेली प्रगती) एकमेकांत मिसळतात आणि पासवर्ड असा वाटणं मुळात स्टीमच्या नियमांतच बसत नाही. घरात खेळणारं माणूस एकच असेल, तरच हे ठीक.

पीसीवर खेळणारी दोघं असतील तर सरळ 'स्टीम फॅमिलीज' घ्या. वेगळे पैसे लागत नाहीत. २०१३ पासून चालत आलेल्या जुन्या शेअरिंगमध्ये एकजण खेळायला बसला की त्याची अख्खी लायब्ररी, म्हणजे त्याने घेतलेले सगळे गेम, बाकीच्यांना बंद व्हायची. सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुली झालेल्या या नव्या सोयीत सहाजणांपर्यंत कुटुंब करता येतं, प्रत्येकाचं खातं आणि सेव्ह वेगळे राहतात, आणि तुम्ही एक गेम खेळत असताना मुलगी तुमच्याच लायब्ररीतला दुसरा खेळू शकते. तोच गेम दोघांना एकदम हवा असेल तर मात्र दोन प्रती घ्याव्या लागतात. मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादा घालता येते आणि कोणते गेम दिसावेत तेही ठरवता येतं.

खाचाखोचा आहेत. काही गेम शेअर होतच नाहीत, विशेषतः ज्यांना दुसऱ्या कंपनीचं खातं किंवा वर्गणी लागते ते. कुटुंब म्हणजे एका घरातली, एकाच देशातली माणसं, त्यामुळे अमेरिकेतल्या मावसभावाला यात ओढायचा बेत सोडून द्या. मित्राला भीडेखातर घेतलंत आणि तो बाहेर पडला, तरी त्याची जागा तो आल्या दिवसापासून वर्षभर भरता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या प्रतीवर मुलाने चीटिंग केली आणि त्याला बंदी आली, तर त्या गेममध्ये तुम्हालाही बंदी येते.

पीएस५ चा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलचा, हिशोब वेगळा, तिथे वाटणी माणसांत नाही, यंत्रावर होते. तुमच्या खात्यावरून एका पीएस५ वर 'कन्सोल शेअरिंग' चालू केलं की त्या यंत्रावर घरातलं कुणीही स्वतःच्या खात्याने तुमचे डिजिटल (डिस्कशिवाय, डाउनलोड करून घेतलेले) गेम खेळतं. ही सोय एका खात्याला एकाच पीएस५ वर मिळते. पण घरात दुसरा पीएस५ असेल आणि त्यावर तुम्ही स्वतःच्या खात्याने बसलात, तर विकत घेतलेल्या एकाच प्रतीवर दोघांना तोच गेम एकदम खेळता येतो. स्टीमवर हे जमत नाही. अर्थात दोन पीएस५ घेणाऱ्या घराला एका गेमच्या किमतीची किती फिकीर, हा प्रश्न आहेच.

टीव्ही एक आणि कन्सोल एक असेल तर मी अजूनही डिस्कच म्हणेन. खेळून झाली की शेजाऱ्याला देता येते, विकताही येते. फक्त कन्सोल घेताना डिस्क ड्राइव्ह नसलेलं डिजिटल एडिशन गळ्यात पडत नाही ना, ते बघा.

निन्टेंडो स्विच या हातात धरूनही खेळता येणाऱ्या कन्सोलवर २०२५ पासून डिजिटल गेम कुटुंबातल्या माणसाला दोन आठवडे उसना देता येतो. वाचनालयाच्या पुस्तकासारखा, मुदत संपली की आपोआप परत.

आम्ही स्टीम फॅमिलीज घेतलं. धाकट्याच्या त्या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमची प्रत मात्र त्याच्या खात्यावर वेगळी घेऊन दिली. उद्या त्याने काही उद्योग केलाच, तर बंदी त्याच्यापुरतीच राहील.