लाल खुणांचा धाक घालणारे ‘टेक्निशियन’

कंप्युटर व्यवस्थित सुरू होतो, इंटरनेट चालतं, पण प्रोग्राम उघडत नाहीत. आयकॉनवर क्लिक केलं की गोल फिरतो, थांबतो, आणि पुढे काहीच होत नाही. एखादा प्रोग्राम तेवढा बोलतो: ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ ही फाइल सापडत नाही. अशा वेळी कोणीही तो संदेश सर्चमध्ये टाकतो. मला लुबाडणारे नेमके तिथेच दबा धरून बसले होते.

सर्चमध्ये सगळ्यात वर जे आलं त्यात विंडोजच्या चौकोनांसारखं चिन्ह होतं, ‘अधिकृत मदत’ असे शब्द होते आणि ठळक अक्षरांत फोन नंबर. ‘जाहिरात’ हा शब्दही होता, पण फिक्कट आणि बारीक. फोन लगेच उचलला गेला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलत होता, प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’. त्यानं दूरून स्क्रीन बघता येण्याचा एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि त्यातला नंबर विचारला. तो सांगितल्यावर माउसचा बाण आपोआप फिरायला लागला.

पुढचं जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हालाही हाच खेळ दाखवला जाईल.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. लाल गोल आणि पिवळे त्रिकोण यांची रांगच्या रांग. ‘मॅडम, ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एक हल्ला.’ तुमचा कंप्युटर ठणठणीत असला तरी आत्ता तिथे जाऊन बघा, अशी रांग तिथेही असेल. विंडोज आपल्या बारीकसारीक कुरबुरी तिथे लिहून ठेवतं. त्यातली डिस्ट्रिब्यूटेडकॉम या विंडोजच्या अंतर्गत भागाची १००१६ क्रमांकाची नोंद तर दुर्लक्ष केलं तरी चालेल, असं मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय.

मग आज्ञा टाइप करायची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून त्यानं ‘असॉक’ ही आज्ञा दिली. कोणत्या प्रकारची फाइल कशाशी जोडलेली आहे, त्याची यादी ती दाखवते. भराभरा ओळी सरकल्या. शेवटाकडच्या एका ओळीत ८८८डीसीए६० नं सुरू होणारा लांबलचक क्रमांक होता. हा तुमचा गुप्त परवाना क्रमांक, असं तो म्हणाला, आणि तोच क्रमांक त्यानं मला आधीच फोनवर वाचून दाखवला होता. म्हणजे हा खराच कंपनीतला, असं वाटावं म्हणून. तो क्रमांक विंडोजच्या प्रत्येक कंप्युटरवर हुबेहूब तोच असतो. झिप फोल्डरमध्ये फाइल पाठवण्याच्या सोयीची ती नोंद आहे, परवान्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

शेवटी ‘ट्री’. ही आज्ञा फोल्डरांची यादी छापते, बाकी काही करत नाही. यादी धावत असताना तो टाइप करत होता. यादी संपली तशी खाली त्याचीच अक्षरं उमटली: ‘व्हायरस सापडला, परवाना संपला’. कंप्युटरच बोलतोय असं वाटतं. या युक्तीला दाद द्यावीशी वाटते, इतकी ती साधी आहे.

मग बाण आला पैशांवर. अनेक वर्षांची ‘सुरक्षा योजना’, कार्डानं भरायची. पैसे गेले, स्क्रीन काही वेळ काळी झाली, आणि परत आली तेव्हा प्रोग्राम खरंच उघडत होते! म्हणूनच बरेच दिवस संशय आला नाही.

उलगडा झाला तो सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत. जागा करायची म्हणून ती तारखेप्रमाणे लावली, तर त्या दिवशीच्या नोंदी फक्त दोन प्रकारच्या. एक, तो स्क्रीन बघायचा प्रोग्राम, जो गुपचूप सुरूच राहिला होता. दुसरी, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल. हा अनेक प्रोग्रामना सामाईक लागणाऱ्या फाइलींचा संच, ‘व्हीसीरनटाइम१४०’ त्यातलीच एक. तो माझ्याकडे नव्हता, बिघाड एवढाच होता. जुनं काही काढून टाकताना तो निघून गेला की त्यावर चालणारे प्रोग्राम एकदम बंद पडतात. ब्राउझरला तो बाहेरून लागत नव्हता म्हणून ब्राउझर चालू राहिला. संच मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतो. ६४ बिटच्या विंडोजवर एक्स८६ (३२ बिटच्या प्रोग्रामसाठी) आणि एक्स६४ (६४ बिटच्या प्रोग्रामसाठी) असे दोन्ही टाकावेत. सुटी डीएलएल फाइल देणाऱ्या साइटवरून मात्र काही घेऊ नका, त्या फाइलीत काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो.

दर वेळी कारण हेच असेल असं नाही. रीस्टार्ट करून बघा, सी ड्राइव्ह भरलाय का पाहा, अँटीव्हायरसनं प्रोग्रामची फाइल संशयावरून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बाजूला, टाकली का तपासा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्या असतील तर त्या तपासून दुरुस्त करायला काळ्या खिडकीत द्यायची ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा आहे. नवं युजर खातं तयार करून त्यात प्रोग्राम उघडला, तर दोष जुन्या खात्यात. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो.

पैसे देऊन बसला असाल तर आधी नेट तोडा. कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि व्यवहाराबद्दल लेखी तक्रार द्या. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. दूरून बघायचा प्रोग्राम काढून टाका, आणि महत्त्वाच्या फाइली बाजूला ठेवून विंडोज नव्यानं टाकलं तर उत्तमच, कारण स्क्रीन काळी असताना काय झालं हे आपण पाहिलेलं नसतं.

मला नंतर आणखी एक फोन आला. आवाज वेगळा, अदब तीच. ‘कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत, फक्त स्क्रीन दाखवा.’ यात ते बँकेचं पान उघडायला लावतात, ब्राउझरमध्येच त्यावरचा आकडा बदलून दाखवतात, ‘चुकून जास्त पैसे गेले’ म्हणून रडतात आणि वरचे पैसे परत मागतात. खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं. मी फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीला जोडला.