जुन्या ट्रकला गिअरवाला सेल्फ: आठ महिने वापरल्यावर

गाडी 1999 ची, सहा टायरी, बारा व्होल्टची. काटोलकडचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात आणायचा, हेच तिचं काम. नोव्हेंबरात संत्र्याचा आंबिया बहार ऐन भरात असताना जुना सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गरम झाला की उचलेना. पहाटे बागेत एका चावीत सुरू व्हायची. कळमन्यात क्रेट उतरवून चावी फिरवली की नुसतं 'टक'.

नागपूरजवळच्या वाडीतला दुकानदार म्हणाला, "सेल्फच गेला भाऊ, रिपेरिंगमधी पैसा कायले घालता?" गिअर रिडक्शनचा नवा सेल्फ घेतला. 7,200 रुपये, सहा महिन्यांची वॉरंटी.

हिवाळाभर खूश होतो. आतली छोटी मोटर जोरात फिरते, गिअर तिचा वेग उतरवून ताकद वाढवतात, म्हणून बॅटरीतून करंटही कमी ओढला जातो. इंजिन झटकन घुमायचं.

एक गोष्ट मात्र बसवतानाच खटकली. चावीकडून येणारी बारीक वायर जुन्या सेल्फला स्क्रूने आवळलेली होती. नव्याला नुसती चपटी पत्ती आहे, तिच्यावर टोपी दाबून बसवायची. डिझेल इंजिन दिवसभर थरथरतं, तिथे दाबून बसवलेली टोपी किती दिवस टिकणार? दुकानदार म्हणे, सगळे असेच येतात.

एप्रिलात संत्र्याच्या मृग बहाराची शेवटची खेप होती, पारा 43 वर. कळमन्यात पुन्हा तेच 'टक'. आधी टोपीच पाहिली, ती जागेवर होती. सहा हमालांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सेल्फ काढून दुकानात नेला. त्याने टेबलावर बॅटरी लावून फिरवून दाखवला, "फिरते ना भाऊ? मंग?" अहो, रिकामा सेल्फ फिरणारच! इंजिनाचा भार आल्यावर तो काय करतो, हे टेबलावर कसं कळणार? तासभर वाद झाला. वॉरंटीच्या कागदाला त्याने हातही लावला नाही.

शेवटी पारडीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी आधी हेडलाइट लावायला सांगितली आणि मग चावी मारायला. लाइट जराही मंद झाली नाही. म्हणजे सेल्फ जोराचा करंट ओढतच नव्हता. मला वाटलं, सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले. काकांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवली, दुसरी थेट इंजिनाच्या खरवडलेल्या जागेवर. "मार आता." मीटर 1.8 वर गेला. तिथे पाव व्होल्टच्या आसपासच दिसायला हवा. मग त्यांनी माझा हात धरून स्पीडोमीटरच्या केबलवर ठेवला. केबल कोमट लागली! चेसिसपासून गिअरबॉक्सला येणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली हिरवी पडली होती, अर्ध्या तारा तुटलेल्या. करंट वाट मिळेल तिथून परतत होता. लाइटची अर्थिंग चेसिसला, म्हणून ती झगझगीत. उपाशी राहत होता तो फक्त सेल्फ.

गरम झाल्यावरच का? तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. तापलेल्या इंजिनाशेजारी सोलेनॉइडची कॉइल साठ अंशांनी जास्त तापली, तर रोध जवळपास पाव पट वाढला आणि करंट घटला. त्यात पट्टीने दोन व्होल्ट खाल्ले, तर सोलेनॉइडला आतला दांडा ओढायला ताकद कुठून राहणार? नव्या सेल्फला करंट कमी लागतो, म्हणून थंडीत त्याने निभावून नेलं. दुखणं तेच होतं.

नवी पट्टी 280 रुपयांना आली. दोन्ही टोकं घासून, ग्रीस लावून बसवली. मीटर 0.15. त्या दिवसापासून भर उन्हातही एका चावीत.

म्हणजे दुकानदाराच्या सेल्फमध्ये दोष नव्हता. एप्रिलात चार लोकांना मी तो वाईट सांगितला होता, ते शब्द मागे घेतो. पण गाडीवर मीटर न लावता नोव्हेंबरात त्याने तो मला विकला, याचा राग गेलेला नाही.

टोपीचं म्हणणं मात्र कायम आहे. जूनच्या पहिल्या पावसात कळमेश्वरजवळ ती निसटलीच. चावी मारली तर 'टक'सुद्धा नाही, अगदी मुकी. खाली वाकून पाहिलं तर वायर लोंबत होती. पक्कडने टोपी आवळली, वरून रबरी बूट चढवला, वायर शेजारच्या जाड केबलला बांधून टाकली. दर रविवारी हात लावून बघतो. 7,200 च्या वस्तूला एक स्क्रू द्यायला काय हरकत होती?

परवा काकांनी जुना सेल्फ नव्या पट्टीवर चढवून पाहिला. तापलेल्या इंजिनावर तीनदा मारला, तिन्ही वेळा उचलला. थोडा जड घुमतो, बुश बदलावे लागतील. नवाच गाडीवर ठेवला आहे, बॅटरीला तो हलका पडतो. जुना पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवलाय, त्याचा स्क्रू आणि नट त्याच्याच जागी आवळून.