स्वस्त ओबीडी स्कॅनर: सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीवर वापरून पाहिला

काडेपेटीएवढा निळा ब्लूटूथ स्कॅनर, किंमत सहाशेच्या आत. ओबीडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची स्वतःची तपासणी यंत्रणा; तिची माहिती हा फोनवर दाखवतो. ‘गाडीत काय बिघडलंय ते सांगतो’ या जाहिरातीवर जाऊन घेणार असाल तर घेऊ नका. काय बिघडलेलं नाही हे दाखवायला मात्र तो फार कामाचा आहे. माझ्यापुरते तेवढ्यात पैसे वसूल झाले.

माझी गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. रोज नाशिकरोडहून सातपूरला जाते. चालत्या गाडीला कसली तक्रार नाही, पिकअप उत्तम. पण नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत क्लच दाबून उभी राहिले आणि एसी चालू असला की इंजिन दोनदा आचके देऊन बंद. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू. चेक इंजिनचा दिवा कधीच लागला नाही. नेहमीच्या गॅरेजमध्ये बॉनेटही नीट न उघडता निदान झालं, “ताई, पेट्रोल पंप गेलाय, बदलून टाकू.” पंपाचा आकडा ऐकून मी आधी हे खेळणं मागवलं.

बसवणं सोपं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं. भारतात एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत ते मिळतं. ब्लूटूथचा पिन १२३४. सोबतच्या सीडीकडे ढुंकूनही पाहू नका, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप घ्या. डबीवर ‘ईएलएम ३२७, आवृत्ती १.५’ असं, म्हणजे आतल्या चिपचं नाव, ऐटीत छापलंय. ही चिप बनवणाऱ्या मूळ कॅनडियन कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि ती कंपनीही २०२२मध्ये बंद झाली. म्हणजे बाजारातला हा माल नकलाच, हे धरूनच चालायचं.

कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचले तर एकही नाही. इथे बरेच जण निराश होऊन वाईट रिव्ह्यू टाकतात. खरी गंमत लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनच्या त्या क्षणाच्या आकड्यांत आहे.

मी दोनच गोष्टी लावल्या: आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. पंप कमजोर असता तर तो वर चढला असता, विशेषतः रेस दिल्यावर. इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणारी, एखादी नळी चिरून जादा हवा आत शिरत असती तर बहुतेक वेळा आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) चढलेला आणि रेस दिल्यावर उतरलेला दिसला असता. माझ्या गाडीत आयडलला दोन-तीन टक्के, २५०० आरपीएमलाही तेवढाच. म्हणजे पेट्रोल पुरतंय आणि चोरहवाही दिसत नाही.

मग एसी लावला. कॉम्प्रेसर ‘टक’ करून लागला, तसा आरपीएम साडेसातशेवरून पाचशेच्या खाली गेला. खरं तर भार पडल्यावर कॉम्प्युटरने हवा वाढवून तो सावरायला हवा. इथे तो तिथेच डगमगत राहिला आणि इंजिन बंद. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की मात्र गाडी तग धरते. थोडक्यात, संशय आयडलच्या हवेच्या वाटेवर.

आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी फोनकडे पाहिलं, एअर फिल्टरची नळी काढली आणि म्हणाले, “हे बघा, तव्याचं बूड.” थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागात, काळाकुट्ट कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह त्यात चिकटलेला. स्प्रे मारून, ब्रशने घासून साफ केलं. पंपाला कुणी हात लावला नाही. आता एसी लागला की काटा जरा डुलतो आणि साडेआठशेला जाऊन थांबतो. (तुमच्या गाडीत थ्रॉटलला केबल नसून मोटर असेल तर ती झडप बोटाने ढकलू नका, हे त्यांनीच बजावलं.)

तक्रारी आहेतच. आयडल व्हॉल्व्ह किती उघडलाय हे माझ्या गाडीत हा दाखवत नाही, त्याला कंपनीचा स्कॅनर लागतो. ॲपमध्ये एकदम आठ-दहा डायल उघडले की आकडे रेंगाळतात आणि नेमका आचका निसटतो, म्हणून दोन-तीनच ठेवा. ‘कोड पुसा’ हे बटण मोहात पाडतं, पण आधी कोड लिहून घ्या, कारण पुसल्यावर तो येतानाच्या वेळची साठवलेली नोंदही जाते. सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, तेव्हा गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा.

आयफोनवाल्यांनी हा जुन्या ब्लूटूथचा प्रकार घेऊ नये, जोडला जात नाही. वायफायचा किंवा ‘बीएलई’ (नव्या प्रकारचं ब्लूटूथ) लिहिलेला बघा. पाचपैकी साडेतीन तारे.