बिडाचा तवा : पहिल्या अभिप्रायाची दुरुस्ती

चार वर्षांपूर्वी हा बिडाचा तवा घेतला, तेव्हा आठच दिवसांत मी त्याला एक तारा दिला होता आणि खाली रागाने लिहिले होते की तवा गंजतो, पीठ चिकटते, पैसे वाया गेले. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, कुडाळहून पुण्यात नोकरीला नुकताच आलो होतो आणि काहीही बिघडले की दोष वस्तूचाच असतो, अशी माझी पक्की समजूत होती. तोच तवा आजही जवळजवळ रोज चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढतो. म्हणून हा नवा अभिप्राय.

तवा अकरा इंची असून वजन अडीच किलोच्या आसपास आहे आणि त्या वेळी तो ९५० रुपयांना मिळाला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असल्यामुळे ते साच्यात चांगले ओतता येते, पण ठिसूळही राहते. पत्र्याचा तवा पडला तर त्याला पोचा येतो, हा पडला तर तडकतो, आणि तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतले तरीही तडकू शकतो. तापायला तो वेळ घेतो, मात्र एकदा तापला की पातळ पीठ ओतल्यावर चटकन निवत नाही. घावनाला जी जाळी पडते, ती या धरून ठेवलेल्या उष्णतेमुळे.

आता माझे काय चुकत होते ते सांगतो. जेवण झाले की तवा सिंकमध्ये टाकून वर नळ सोडायचा आणि ‘उद्या बघू’ म्हणून झोपी जायचे, ही सवय मी घरून आणली होती. घरी ती सवय म्हणून कधी कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती, कारण मी उठेपर्यंत आईने भांडी घासून पालथी घातलेली असत. पुण्यात सकाळी तव्यावर विटकरी गंज दिसला, मी तो तारेच्या घासणीने खरवडला, आणि त्याबरोबर असला-नसला तेलाचा थरही गेला. आईला फोन करून तव्याची यथेच्छ निंदा केली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तवो पुसून ठेवलंस काय रे?”

उत्तर द्यायला मला काही सुचले नाही.

तवा मुरवण्याचे काम अवघड नाही, फक्त ते घाईत होत नाही. धुऊन पूर्ण कोरडा केलेल्या तव्याला तेलाचे अगदी पातळ बोट फिरवायचे, जास्तीचे फडक्याने पुसून घ्यायचे, धूर येईपर्यंत तापवायचे आणि निवू द्यायचे. असे चार-पाच वेळा केले की तेलाचा कडक, काळा थर तयार होतो. तेल जास्त झाले तर मात्र थर चिकट होतो, हेही मी करून पाहिले आहे. पुढे प्रत्येक घावनाआधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर घासायचा. तांदळाचे पीठ तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळून, वाटीने कडेकडून मध्यापर्यंत ओतायचे आणि झाकण ठेवायचे. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथने हातात घ्यायचे नाही. पूर्वी मी आच मोठी करून आणि उलथने खुपसून पहिली तीन घावने चिंध्या करीत असे. आता पहिले एकच बिघडते, आणि ते मी उभ्या उभ्या खातो.

या तव्यावर टोमॅटोचा रस्सा किंवा कोकम घातलेले काही शिजवू नये, कारण आंबटपणाने थर निघतो.

तरीही पाच तारे देणार नाही. ‘आधीच मुरवलेला, लगेच वापरा’ असे खोक्यावर छापणे ही अतिशयोक्ती होती, आणि माहितीपत्रक मी न वाचता खोक्यासकट फेकले होते, हे कबूल केले तरी ती अतिशयोक्तीच राहते. तव्याचे दोन्ही कान हात भाजतील इतके तापतात, त्यामुळे जाड फडके लागतेच. तळ किंचित फुगीर असल्याने इंडक्शनच्या शेगडीवर तो नीट बसत नाही. म्हणून चार तारे.

चार मित्र मिळून राहत असाल, तर एवढ्यात घेऊ नका. सिंक सामाईक असते आणि पुसायची पाळी कुणाचीच नसते. घरी भांडी घासायला मावशी येत असतील, तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आमच्या मावशींनी एकदा तो साबण आणि तारेच्या घासणीने लख्ख करून ठेवला होता आणि कौतुकाच्या अपेक्षेने मला बोलावून दाखवला होता. मी त्यांचे आभार मानले, आणि तेव्हापासून तवा पुसून झाला की दाराआडच्या खिळ्याला अडकवतो.