‘टक्’ वाजते, पण सेल्फ फिरत नाही : उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनविषयी हे लिहीत आहे, त्याच्या पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिकल’ यापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि लेथच्या दोन गाळ्यांमध्ये दबलेले ते दुकान विचारत विचारतच गाठावे लागते. तरीही चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसणारी डिझेल पिकअप मी तिथेच नेईन, कारण हा मिस्त्री कोणताही भाग बदलण्याआधी मीटर लावतो आणि मीटरवरचा आकडा गाडीमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावतो.

आमची पिकअप शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग उचलते आणि उद्यमनगरातल्या मशीन शॉपना पोचवते. ऐन पावसाळ्यात तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, दगा देऊ लागला. कधी पहिल्याच चावीला फिरे, कधी नुसता ‘टक्’ वाजे, आणि माल भरलेला असताना चार माणसे धक्क्याला बोलवावी लागत. एका बॅटरीविक्रेत्याने बॉनेट न उघडताच नवी बॅटरी घ्यायला सांगितले होते. गाडी धक्क्यावर चालू होते म्हणजे बॅटरीच संपली, हा तर्क आपल्याकडे सर्रास चालतो. परंतु सेल्फच निकामी झाला असेल तरीही गाडी धक्क्यावर चालू होतेच, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही.

या दुकानात पहिला प्रश्न आला तो पाण्याचा. ‘‘गाडी पुराच्या पाण्यात उभी होती काय?’’ असे विचारल्याशिवाय मिस्त्री चावीला हात लावत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, त्यामुळे इथे हा प्रश्न अनाठायी नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो, सेल्फ ‘टक्’ करून थांबतो, आणि अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला किंवा धक्का दिला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आमची गाडी पाण्यात गेली नव्हती, म्हणून काम पुढे सरकले.

दुसरा प्रश्न आवाजाचा होता. आवाज एकदाच दणकून येतो की ‘टकटकटक’ असा भराभर येतो, यावरून पुष्कळ काही कळते. बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल सैल असतील, तर सोलेनॉईड (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटरला वीज मिळताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉईड सुटतो, व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा ओढला जातो. भराभर येणारा आवाज त्याचा असतो. आमच्या गाडीचा आवाज एकच आणि ठणठणीत होता. हेडलाईट लावून चावी फिरवली तेव्हा उजेड किंचितही मंदावला नाही. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे दिवे थोडे तरी मंदावायलाच हवेत. ते तसेच राहिले याचा अर्थ बॅटरी देण्यास तयार होती, पण मोटर घेत नव्हती.

त्यानंतरची तपासणी हाच या सेवेचा खरा ऐवज आहे. गाडी न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढल्याची मिस्त्रीने स्वतः खात्री केली आणि मग मीटरची टोके बॅटरीच्या खांबांवर धरली. टर्मिनलच्या पट्ट्यांवर न धरता शिशाच्या खांबांवरच धरली, हे मुद्दाम सांगतो, कारण खांब आणि पट्टी यांच्यामध्येच पुष्कळदा मळ साचलेला असतो. उभ्या गाडीत आकडा १२.५ व्होल्ट होता, भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणजे बॅटरी ठीक होती. ‘‘चावी धरून ठेवा, मी सांगेपर्यंत सोडू नका,’’ असे सांगून मिस्त्रीने ‘टक्’ झाल्यावरचा आकडा वाचला, तर तो १२.३ च्या खाली उतरला नव्हता. मरतुकडी बॅटरी असती तर आकडा ९ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेला असता.

मग मिस्त्री गाडीखाली गेला. सोलेनॉईडवर दोन मोठे बोल्ट असतात, एकावर बॅटरीची जाड केबल येते आणि दुसऱ्यावरून मोटरला वीज जाते. ‘टक्’ हा आवाज आतली तांब्याची चकती या दोन बोल्टांवर आदळल्याचा असतो. चकती नीट टेकली तर दोन बोल्टांमधला फरक जवळपास शून्य यायला हवा. आमच्या गाडीत चावी धरलेली असताना तिथे १२ व्होल्ट दिसले, म्हणजे चकती आदळत होती, पण वीज पलीकडे जात नव्हती. फरक शून्य आला असता आणि तरीही मोटर फिरली नसती, तर मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजल्याचा संशय घ्यावा लागला असता, हेही मिस्त्रीने गाडीखालूनच सांगितले. सेल्फवर हातोडीने ठोकून गाडी चालू करणाऱ्यांना हे दोन्ही दोष एकसारखेच वाटतात.

सेल्फ उतरवून सोलेनॉईड उघडला, तेव्हा चकतीची एक कड काळी पडून खवल्यांसारखी उखडलेली दिसली आणि बोल्टाच्या डोक्यावर ठिणग्यांनी पाडलेले खड्डे नखाला लागत होते. चकती घासून पुन्हा बसवता आली असती, परंतु घासलेला संपर्क फार दिवस टिकत नाही असे स्पष्ट सांगून मिस्त्रीने नवा संच सुचवला. कार्बनही पाहिले, ते अजून चालण्याजोगे होते, म्हणून बदलले नाहीत. बिल वाढवण्याची आयती संधी सोडणारे दुकान विरळाच.

एवढ्यावर बहुतेक ठिकाणी गाडी परत मिळाली असती. इथे सेल्फ बसवून तो इंजिन फिरवू लागल्यावर पुन्हा मीटर लावला, या वेळी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात. सेल्फ इंजिन फिरवत असताना तिथे फार तर पाव व्होल्ट दिसावा, पण दिसला पाऊण व्होल्टच्या आसपास. बॅटरीचा ऋण खांब इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी चिखलपाण्याने बोल्टाखाली हिरवी पडली होती. अर्थिंग खराब असले की सोलेनॉईडची पकड ढिली पडते आणि चकतीवर ठिणग्या उडतात, म्हणजे नवी चकतीही याच वाटेने गेली असती. पट्टी सोडवली, जागा पॉलिश पेपरने लख्ख केली, घट्ट आवळून वर ग्रीस लावले. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर चार्जिंग देतो, हे पाहूनच गाडी ताब्यात दिली. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला. नव्या बॅटरीला त्याच्या कितीतरी पट पैसे गेले असते आणि ‘टक्’ तसाच राहिला असता.

गैरसोयी सांगायलाच हव्यात. आगाऊ वेळ मिळत नाही. रांगेतल्या टेंपोंच्या मागे गाडी लावून थांबावे लागते, बसायला जागा नाही आणि गल्लीतल्या गाळेवाल्यांचा माल उतरू लागला की गाडी हलवावी लागते. ज्या पिकअपचा सेल्फच फिरत नाही तिला हलवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बिल कोऱ्या कागदावर मिळाले, त्यावर कोणता भाग कोणत्या कंपनीचा याचा उल्लेख नव्हता. मागितल्यावर तो लिहून दिला, पण मागावा लागला. हमी तोंडी आहे. मोजमाप इतके काटेकोर आणि कागद इतका ढिसाळ, हे मला खटकले. निदानाचे वेगळे पैसे हा माणूस घेत नाही, हेही माझ्या मते चुकीचेच आहे. मीटर धरून घालवलेल्या वेळेचा मोबदला त्याने उघडपणे मागावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या मानकांच्या) गाड्यांबाबत मात्र आधी फोन करून विचारावे. चावी फिरवूनही ‘टक्’ येत नसेल आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल, तर तिथे स्कॅनर लागतो आणि तो या दुकानात नाही. अशी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, असे मिस्त्री स्वतःच सांगतो.