चिनारच्या सहलीचे आगाऊ पैसे भरताय? आधी हे वाचा

काश्मीरचे चिनार, म्हणजे शरदात लाल-केशरी होणारी तिथली मोठी झाडं, रंगायला लागतात ऑक्टोबरच्या मध्यापासून. खरा बहर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांपर्यंत, मग पानगळ. दिवस मोजके आणि सोलापूरहून श्रीनगर म्हणजे देशाचं दुसरं टोक, त्यामुळे जून-जुलैतच सगळं ठरवावं लागतं. यात खोटं काहीच नाही. आम्हाला ज्या सहलवाल्या एजंटाने फसवलं, त्याने हेच खरं बोलून पैसे घेतले. पैसे जुलैत, सहल नोव्हेंबरात, आणि मधल्या महिन्यांत कुणी काही विचारणार नाही याची त्याला खात्री होती.

आमचा बायकांचा भिशीचा गट आहे, जुळे सोलापुरातला. हा माणूस अनोळखी नव्हता. आदल्या वर्षी त्याने कॉलनीतल्या लोकांना तिरुपतीला नेऊन आणलं होतं, जेवणखाण, दर्शन, सगळं चोख. आता वाटतं, ती सहल म्हणजे पेरणी होती. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण पद्धत सविस्तर सांगते, कारण नाव बदलता येतं, पद्धत तीच राहते.

त्याच्याकडे माहिती भरपूर होती. श्रीनगरच्या निशात बागेतल्या पायरीपायरीने चढत जाणाऱ्या बारा गच्च्या, हजरतबलजवळ काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली नसीम बाग, दल सरोवरातलं चार चिनार बेट, पाम्पोरला त्याच सुमारास होणारी केशराची तोडणी, सगळं तोंडपाठ. जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली होती, तेव्हा चिनाब नदीवरचा 359 मीटर उंचीचा पूलही त्याने कार्यक्रमात घातला. दरडोई साडेअडतीस हजार, त्यातले वीस हजार लगेच. "ताई, आत्ता खोल्या धरल्या तर धरल्या, ऑगस्टात दुप्पट होतात," हे तो प्रत्येकीला वेगळं गाठून सांगायचा.

पैसे भरल्यावर आठवड्याभरात त्याने हॉटेलचं व्हाउचर पाठवलं. माझ्या नणंदेने श्रीनगरच्या त्या हॉटेलला फोन करून खात्रीही केली. बुकिंग होतं, आमच्या नावाने, आमच्या तारखांना. इथे लक्ष द्या, कारण डाव इथेच होता. हॉटेल बुक करणाऱ्या अनेक साइटवर एक रुपया न भरता खोली धरता येते, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे आणि अमुक तारखेपर्यंत रद्द केली तर काही कापलं जात नाही. त्याने खोल्या धरल्या, आमची खात्री पटू दिली आणि मग रद्द केल्या. रद्द झाल्याचा निरोप ज्याचा ई-मेल दिला असेल त्यालाच जातो, म्हणजे त्यालाच. आमच्या हातातला कागद होता तसाच राहिला.

रेल्वेचं तिकीट मात्र सरळ बनावट होतं. सोलापूर ते दिल्ली कर्नाटक एक्स्प्रेस, पुढे कटरा, तिथून वंदे भारत, सगळ्यांपुढे डबा, बर्थ आणि 'कन्फर्म'. त्यावर आरक्षणाची तारीख जुलैची आणि प्रवासाची नोव्हेंबरची छापली होती. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट सप्टेंबर उजाडल्याशिवाय कुणालाच मिळू शकत नाही, कितीही ओळख असो. तिकिटावरचा पीएनआर क्रमांक रेल्वेच्या साइटवर टाकला की काही दिसत नाही, असं एकीने त्याला विचारलं, तर म्हणाला, "चार्ट लागला की दिसेल." हे धादांत खोटं. तिकीट निघालं की दहा आकडी पीएनआर त्याच क्षणी दिसायला लागतो, कन्फर्म असो वा वेटिंग. चार्टचा त्याच्याशी संबंध नाही.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने उरलेल्या पैशांचा तगादा लावला. यंदा थंडी लवकर पडली, चिनार आत्ताच लाल झालेत, हाउसबोटवाले थांबायला तयार नाहीत, दोन दिवसांत भरा. सोबत एक फोटो, 'आज सकाळची निशात बाग' म्हणून. फोटोत मनगटाएवढ्या खोडांची लालभडक झाडं आणि लाल रंगाचा लाकडी पूल. निशातच्या जुन्या चिनारांची खोडं दोघा-तिघांच्या कवेत मावत नाहीत, साल फिकट, ठिकठिकाणी सोललेली असते, आणि पान पंजाएवढं मोठं असतं. तो फोटो कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या मेपल नावाच्या झाडांचा होता. शिवाय चिनार सप्टेंबरात लाल होत नाही. रात्री गार पडायला लागल्यावर पानातलं हिरवं द्रव्य उतरतं, आधी पिवळसर, मग केशरी, मग तांबडा असा रंग चढत जातो आणि त्याला आठवडे लागतात. तरी काहीजणींनी घाईत दुसरा हप्ता भरला, कारण आधीचे वीस हजार बुडतील असा धाक त्याने घातला होता.

त्या फोटोवरूनच नणंदेला शंका आली आणि तिने पुन्हा हॉटेलला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, ये बुकिंग तो अगस्त में ही कैन्सल हो गयी." संध्याकाळी आम्ही दुकानावर गेलो तर शटर बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, भाडंही थकवून गेलाय. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला, तो कापडाच्या एका धंद्याचा निघाला, तोही रद्द झालेला. क्यूआर कोडवर पैसे गेले होते ते दुकानाच्या नव्हे, भलत्याच व्यक्तीच्या खात्यात.

आमच्यातल्या एक मावशी शाळेचे गणवेश शिवतात, नगावर पैसे मिळतात. निशातच्या पायऱ्या चढता याव्यात म्हणून त्या रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालायच्या. नातीकडून मोबाइलवर चिनारचे व्हिडिओ लावून घ्यायच्या. त्यांचे पूर्ण पैसे गेले. बाकी सगळं विसरेन, त्या माणसाने मावशींना "आई" म्हणून हाक मारून ते पैसे मोजून घेतले हे विसरणार नाही.

त्याच रात्री आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे अजून कुठल्यातरी खात्यात शिल्लक असतील तेवढेच गोठवता येतात, म्हणून तासातासाला महत्त्व आहे. जुलैचे पैसे केव्हाच काढून घेतले होते, दुसऱ्या हप्त्यातले थोडे अडकवता आले, आणि तेही लगेच हातात येत नाहीत. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा बँकेचा संदर्भ क्रमांक), पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काहीही पुसू नका. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ग्राहक आयोगातही जाता येतं: आपण भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, मुदत दोन वर्षांची.

ज्यांनी यंदाच्या शरदासाठी पैसे भरलेत त्यांना हात जोडून सांगते, हॉटेलला एकदा फोन करून थांबू नका. महिन्या-महिन्याने करा, आणि दर वेळी विचारा की पैसे जमा झालेत की नुसती खोली धरली आहे. हॉटेलच्या खात्यात पैसे गेल्याची हॉटेलचीच पावती मागा. विमानाचं तिकीट असेल तर पीएनआर आणि आडनाव टाकून कंपनीच्या साइटवर अधूनमधून बघत राहा, कारण एजंट तिकीट काढून दाखवतो, मग रद्द करतो आणि परतावा त्याच्याच खात्यात जातो. रेल्वेचं तिकीट शक्यतो आपल्या आयडीवरून, साठ दिवस उरले की स्वतः काढा. पैसे पाठवताना यूपीआयवर येणारं नाव आणि पावतीवरचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

हाच माणूस आता दुसऱ्या नावाने मार्च-एप्रिलच्या ट्युलिप सहलीची जाहिरात करतोय असं कानावर आलंय. सोलापुरात कुणी काश्मीरसाठी पैसे भरले असतील आणि पावतीवर कापडाच्या धंद्याचा जीएसटी क्रमांक निघाला, तर सायबर पोलीस ठाण्यात जाऊन तसं सांगा. आमच्या फिर्यादीला तुमचीही जोडली जाईल.