पोस्टर तीन रकान्यांचं की एका वाक्याचं?

संशोधन परिषदेला पोस्टर, म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्याशेजारी उभं राहायचं ते, स्वीकारल्याचा मेल आला की लोक आधी सॉफ्टवेअरवर वाद घालतात. पॉवरपॉइंट, इंकस्केप, लाटेक, ज्यात हात बसलाय त्यात करावं. घोडं अडतं ते मांडणीपाशी.

एक मांडणी आपल्या प्रत्येक विभागाच्या व्हरांड्यात टांगलेली असते: वर शीर्षक आणि लोगो, खाली तीन रकाने, डावीकडे प्रस्तावना, उजवीकडे अगदी खाली निष्कर्ष आणि आभार. दुसरी २०१९ मध्ये माइक मॉरिसननं पुढे आणली. तेव्हा तो मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करत होता, आणि त्याचा यूट्यूबवरचा कार्टून व्हिडिओ बराच फिरला. त्यात मधोमध मोठ्या अक्षरांत मुख्य निष्कर्ष, तोही साध्या भाषेत. सोबत क्यूआर कोड. डावीकडच्या पट्टीत अभ्यासाचा सारांश आणि उजवीकडे लागतील त्या आकृत्या.

मी दोन्ही करून पाहिल्या. विषय एकच होता: दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या विहिरी आणि त्यांची उन्हाळ्यातली पाणीपातळी.

पहिल्या परिषदेला रकान्यांचं पोस्टर नेलं. ए-झिरो, उभं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. करायला सोपं गेलं हे मान्य करायला हवं. प्रबंधातले परिच्छेद उचलले, थोडे कापले, रकान्यांत ओतले. सरांनी एका नजरेत पाहिलं आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. प्रत्यक्ष हॉलमध्ये मात्र एका गोष्टीनं जीव मेटाकुटीला आणला. उभं पोस्टर बोर्डावर लावलं की वरची कड डोक्याच्या वर जाते आणि खालची गुडघ्यांच्या जरा वर येते. माझा निष्कर्ष उजव्या रकान्याच्या तळाशी होता आणि मीही उजवीकडेच उभा होतो. म्हणजे दोन वर्षांच्या कामाचं सार माझ्या मांडीमागे! डोळ्यांच्या उंचीवर काय, तर भूजलाचं महत्त्व, जे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. येणारा माणूस डावीकडून वाचायला लागायचा, दुसऱ्या परिच्छेदाला मान हलवायचा, ‘छान’ म्हणून चहाकडे वळायचा. मी बाजूला सरकलो तर शेजारच्या मुलीच्या पोस्टरसमोर येत होतो. दुपारपर्यंत मी प्रत्येकाला ‘सर, जरा खाली बघा’ म्हणत होतो, आणि पन्नाशीपुढची माणसं माझ्यासाठी कमरेत वाकत होती. ते काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या वेळी मॉरिसनची मांडणी घेतली, थोडी वाकवून. त्याचं मूळ पोस्टर आडवं, आणि आम्हाला बोर्ड मिळणार होते उभे. म्हणून वाक्य वरच्या अर्ध्या भागात घेतलं आणि दोन्ही पट्ट्या त्याखाली. वाक्य होतं: ‘या दोन पाणलोटांत उन्हाळ्यातलं पाणी विहिरीच्या खोलीपेक्षा ती कुठल्या खडकात आहे यावर ठरतं.’ हे एक वाक्य लिहायला जितका वेळ गेला तितक्यात आधीचं अख्खं पोस्टर झालं होतं. ‘या दोन पाणलोटांत’ काढलं तर वाक्य दणकेबाज होत होतं आणि खोटंही. शेवटी ठेवलं.

या मांडणीचे त्रासही आहेत. सरांना ती जाहिरात वाटली. ‘बाकीचं काम कुठंय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. क्यूआर कोडचा मला फारसा उपयोग झाला नाही. हॉल तळघरात, मोबाइलला रेंज नाही. त्यापेक्षा ए-फोरवर छापलेल्या प्रती खपल्या. आणि आकृत्या पट्टीत बसवताना विहिरीचा छेद इतका आक्रसला की मुरूम कुठे संपतो आणि काळा पाषाण कुठे सुरू होतो हे बोटानं दाखवावं लागलं. तुमचं सगळं काम एखाद्या नकाशात किंवा छेदातच असेल, तर वाक्याऐवजी ती आकृतीच मध्ये मोठी लावा. मी आता केलं तर तसंच करीन.

आणखी एक. आपल्याकडे पोस्टरला बक्षीस असेल तर परीक्षकांच्या हातात बहुधा गुणांचा तक्ता असतो: उद्दिष्टं, पद्धती, निष्कर्ष. त्यांना खुणा करायला रकाने सोयीचे पडतात. प्रमाणपत्र हवं असेल तर रकान्यांचं पोस्टर शहाणपणाचं ठरेल, निदान मला तसं वाटतं. माझ्या एका मित्राला त्यावर पहिलं बक्षीस मिळालंय, त्यामुळे फार बोलत नाही.

मांडणी कुठलीही असो, फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी तेच पान ए-फोरवर छापून पाहा. ए-झिरोची प्रत्येक बाजू तिथे बरोबर चौथाई होते, म्हणजे २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं. ते हातात धरून वाचता आलं नाही तर बोर्डावरही दोन पावलांवरून कोणी वाचणार नाही. देवनागरी असेल तर मात्रा-रफारांसाठी अक्षर अजून जरा वाढवा. फ्लेक्स चकाकतो, ट्यूबलाइट नेमकी आलेखावर चमकते. मॅट कागद मिळाला तर बरा.

दुसऱ्या परिषदेत बक्षीस मिळालं नाही. पण समोरच्या रांगेतून एक गृहस्थ वाक्य वाचतच आले. लातूरकडचे, स्वतः विहिरी खोदून घेतलेले. ‘आमच्याकडे उलटं आहे’ म्हणाले, आणि वीस मिनिटं हलले नाहीत. त्यांना वाकावं लागलं नाही. तिसरा पाणलोट आता त्यांच्या गावाजवळचा घेतलाय.